कर्ज, खर्च आणि खर्ज

माणसाला चाळिशी लागते ती आधी डोळ्यांना, मग गुडघ्यांना आणि शेवटी डोक्याला. डोळ्यांच्या चाळिशीवर चष्मा मिळतो, गुडघ्यांच्या चाळिशीवर तेल मिळतं. डोक्याच्या चाळिशीवर मात्र औषध नाही. ती लागली की कुणी पहाटे उठून पळायला लागतो, कुणी गडांवर चढतो, कुणी कविता करून त्या आम्हांला डब्याच्या सुट्टीत ऐकवतो. आमच्या शाखेतल्या कॅशियरनं तर साखर सोडली आणि त्याबरोबर गोड बोलणंही सोडलं. मी बेस गिटार घेतली.

हे वाद्य ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या गिटारला सहा तारा असतात, हिला चार. मान लांब, तारा जाड, आणि आवाज असा की आला म्हणून कळत नाही. तिच्या सगळ्यांत जाड तारेला सेकंदाला जेमतेम ४१ कंपनं. नोव्हेंबरात हयातीचे दाखले द्यायला आलेली पेन्शनरांची रांग पाहून मी याहून जास्त वेळा थरथरतो. शास्त्रीय संगीताच्या भाषेत सांगायचं तर हे खर्जातलं काम. गायक-वादक वर हिंडून येतात. खर्जानं आपलं खाली बसून घर सांभाळायचं.

आता बी.कॉम. झालेल्या, बावीस वर्षं काउंटरमागं काढलेल्या डोंबिवलीकराला हे कुठून सुचलं? सुचलं चिरंजीवांवरून. वय वर्षं सतरा. चिरंजीव गिटार वाजवतात. दहावीपर्यंत ते आमच्याशी बोलत असत. नंतर त्यांनी शब्दसंग्रह आवरता घेतला आणि सगळा कारभार ‘हं’ या एका अक्षरावर आणला. ‘जेवलास का?’ हं. ‘परीक्षा कधी?’ हं. एका संध्याकाळी मात्र ते फोनवर मित्राशी चक्क पूर्ण वाक्यात बोलताना ऐकू आले, ‘‘अरे, तीन गिटारवाले आहेत, ड्रमर आहे, पण बेस कुणालाच नकोय ना!’’

बँकेतल्या माणसाला रिकाम्या जागेचा वास लगेच येतो. ज्या जागेसाठी अर्जच आलेले नाहीत, ती आपल्याला मिळण्याची शक्यता बरी असते, हे मी बावीस वर्षांत शिकलो आहे. आणि मुलाशी बोलायला काही विषय मिळाला तर तो हवाच होता.

एका निवृत्त सहकाऱ्याचा पुतण्या कॅनडाला निघाला होता. त्याची बेस गिटार साडेचार हजारांत मिळाली. तारा गंजलेल्या, एका कोपऱ्यावरचा रंग उडालेला, पण मान सरळ. सौ.नं ती उभी-आडवी न्याहाळली आणि विचारलं, ‘‘अहो, दोन तारा कमी आहेत म्हणून स्वस्तात दिली का?’’

खरी अडचण पुढंच होती. ही गिटार विजेची. ॲम्प्लिफायरशिवाय वाजवली तर डास जरा बरा. ॲम्प्लिफायरची किंमत काढली तर ती गिटारच्या दुप्पट. नव्या तारांचा संचसुद्धा गिटारच्या निम्म्या किमतीला. घोडा साडेचार हजारांचा आणि त्याचा खुराक त्याहून महाग, असा हा व्यवहार. शेवटी मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून उपाय सापडला. गिटारचं वरचं टोक लाकडी कपाटाला टेकवायचं. तारेची थरथर कपाटाच्या फळीत शिरते आणि अख्खं कपाट घुमायला लागतं. तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम आमच्या घरी सौ.च्या साड्यांचं कपाट करू लागलं. पैठणी आत आणि खर्ज बाहेर!

पण आम्हां कॉमर्सवाल्यांना एक खोड असते. वस्तू घरात आली की तिचं मागचं खातं उघडून पाहिल्याशिवाय झोप येत नाही. हिचंही उघडलं, आणि पहिल्याच पानावर आमचा जातभाई भेटला.

त्याआधी थोडी मागची बाकी. विजेची गिटार येण्यापूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचं खातं डबल बेसकडे होतं. हे म्हणजे व्हायोलिनचे आजोबा. उंची सहा फुटांच्या आसपास, वाजवायचं उभं राहून. त्याला पडदे नाहीत. सारंगीसारखं बोट अंदाजानं ठेवायचं. ते मोटारीच्या टपावर बांधून गावोगाव न्यायचं आणि इतकं करून तिथं ते कुणाला ऐकू जायचं नाही. कारण १९३० च्या दशकात गिटारला वीज लागली, ड्रमवाले जोरात आले, आणि बिचाऱ्या आजोबांचा आवाज पार बुडाला. सिॲटलच्या पॉल टुटमार्क नावाच्या गृहस्थानं १९३६ च्या सुमारास पडदे असलेली, आडवी धरायची विजेची बेस गिटार केली होती. पण ती चालली नाही. वेळेआधी भरलेल्या हप्त्याची बँकेतही कुणी दखल घेत नाही.

मग आला लिओ फेंडर. जन्म १९०९, कॅलिफोर्नियातला. विद्युत गिटारच्या दुनियेत हे नाव म्हणजे आपल्याकडे सतारीत मिरजेचं. पण हा माणूस शिकला काय होता? अकौंटन्सी! गावच्या, फुलर्टनच्या ज्युनिअर कॉलेजात हिशेबशास्त्र शिकला आणि आधी एका बर्फाच्या कंपनीत वह्या लिहू लागला. पुढं हमरस्ते खात्यात हिशेबनीस झाला आणि मग एका टायरच्या धंद्यात. मंदीचे दिवस होते, तीही नोकरी गेली. तेव्हा १९३८ साली ६०० डॉलर उसने घेऊन त्यानं फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. दुकानात वादक आपापले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन यायचे आणि कुरकुर करायचे. फेंडर ऐकून घ्यायचा. काउंटरमागं बसून लोकांची कुरकुर ऐकून घेणं हेही एक शिक्षण असतं. मी बावीस वर्षं तेच घेतो आहे. फरक इतकाच की त्यानं त्यातून काहीतरी बनवलं.

१९५१ साली त्यानं बेस गिटार बाजारात आणली. साध्या गिटारसारखी गळ्यात अडकवता येणारी, पडदे असलेली, ॲम्प्लिफायरला जोडायची. नाव ठेवलं ‘प्रिसिजन बेस’, म्हणजे अचूक बेस. पडद्यामागं बोट ठेवलं की सूर जागच्या जागी. अंदाज नाही, ‘साधारण बरोबर’ नाही. हे नाव हिशेबनीसच ठेवू जाणे! एखाद्या कलावंतानं तिचं नाव ‘मंद्रमोहिनी’ ठेवलं असतं. आणि गंमत म्हणजे फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. लहानपणी थोडा पियानो, थोडा सॅक्सोफोन, एवढंच. गिटार तयार झाली की ती वादकाच्या हाती द्यायची आणि कान देऊन ऐकायचं. १९६५ साली त्याची कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. ६०० डॉलर ते १ कोटी ३० लाख! हे प्रकरण मी आमच्या कर्ज विभागाच्या साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘६०० ला तारण काय होतं?’’

माझा आनंद निराळाच होता. खर्जाला बैठक देणारा माणूस अकौंटंट निघाला होता आणि त्यालाही वाजवता येत नव्हतं. निम्मी पात्रता माझ्याकडे होतीच.

याच सुमारास समुद्रापलीकडे, इंग्लंडात, खिसा रिकामा असलेल्यांची एक निराळीच शाखा चालू झाली होती. १९५६ साली लॉनी डोनेगन या गायकाचं एक गाणं तिथं तुफान चाललं. संगीताच्या त्या प्रकाराला म्हणत ‘स्किफल’. याला भांडवल फार लागायचं नाही: एक स्वस्त गिटार, कपडे धुवायची पन्हाळी फळी आणि बेसच्या जागी चहाचं खोकं. चहाच्या प्लायवूडच्या पेट्या तेव्हा आसाम-सिलोनकडून भरून जायच्या. पेटी उपडी करायची, भोकातून दोरी ओवायची, ती झाडूच्या दांड्याला बांधायची आणि दांडा मागंपुढं करत दोरी छेडायची. दुम् दुम् दुम्! इंग्लंडातल्या कितीतरी पोरांचा पहिला खर्ज अशा रीतीनं आपल्या चहाच्या खोक्यातून निघाला, ही गोष्ट मला साड्यांच्या कपाटाला टेकून बसल्यावर फार धीर देऊन जाते.

लिव्हरपूलच्या अशाच एका टोळक्यातून पुढं बीटल्स झाले. त्यांनाही बेसवाला मिळत नव्हता. गिटारवाले उदंड! शेवटी जॉन लेननचा एक चित्रकार मित्र, स्टुअर्ट सटक्लिफ, याचं एक चित्र ६५ पौंडांना विकलं गेलं, तेव्हा मित्रांनी त्याला बेस घ्यायला भरीस घातलं. त्याला वाजवता येत होतं असं नव्हे. त्याच्याकडे पैसे आले होते. १९६१ साली हा गडी चित्रं काढायला आणि प्रेम करायला जर्मनीत, हॅम्बर्गला राहून गेला. जागा पुन्हा रिकामी. कुणालाच नको. ती आली पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात.

आमच्याकडे याला ‘ऑफिशिएटिंग’ म्हणतात. साहेब रजेवर गेला की क्लार्कनं त्या खुर्चीत बसायचं, सह्या करायच्या आणि चार दिवसांनी खाली उतरायचं. पॉल चढला तो उतरलाच नाही. लॉस एंजेलिसच्या कॅरोल केचीही तीच गोष्ट. ही बाई मुळात गिटार वाजवणारी. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आलाच नाही, म्हणून हिनं बेस उचलला आणि पुढं तिथल्या असंख्य गाण्यांत तीच वाजवत राहिली. एकाच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं करिअर होतं ते असं. आमचे साहेब मात्र सर्दी झाली तरी मफलर गुंडाळून येतात.

तर पॉलला बेस घ्यायचा होता. फेंडरच्या बेसला तिकडे पडत शंभरेक पौंड. याच्या खिशात परवडेल अशी रक्कम तीसच्या आसपास. मग हॅम्बर्गच्या दुकानात त्याला हॉफ्नर कंपनीचा, व्हायोलिनच्या आकाराचा, हलका, स्वस्त बेस मिळाला. पॉल डावखुरा. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे हा बेस डावखुऱ्याच्या गळ्यातही वेडाविद्रा दिसत नव्हता, हे आणखी एक कारण. म्हणजे काटकसर आणि शोभा, अशा दोन्ही बाबी बघून केलेली ही खरेदी. मी यालाच योग्य निर्णय म्हणतो. तो बेस १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेला आणि ५१ वर्षांनी सापडून पॉलकडे परत आला. २०२४ साली हे जाहीर झालं. आमच्या बँकेत दहा वर्षं हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते आणि ती परत मिळवायला वारसाला अर्जावर अर्ज करावे लागतात. तीस पौंडांची ही ठेव अर्धशतकानं मूळ मालकाला पोहोचली, हा हिशेब पाहून मी ऊर भरून घेतला.

पण या पॉलच्या गोष्टीत मला खरा भेटला तो त्याचा बाप. जिम मॅकार्टनी. लिव्हरपूलच्या कापूस बाजारात नोकरी करणारा, माझ्यासारखाच पगारावरचा माणूस. तरुणपणी त्याचा स्वतःचा छोटा बँड होता. पॉलनं सांगितलं आहे की घरी रेडिओ लागला की वडील त्याला गाण्यातला खालचा आवाज वेगळा काढून दाखवत. हा ऐक, हा बेस. एवढंच. मुलाला बाकी काही देता आलं नाही तरी एवढं देता येतं. मी मात्र सतरा वर्षं मुलाला काय दाखवत आलो? मुदत ठेवीचे व्याजदर!

खर्जाच्या खात्यात एक नोंद मात्र अशी आहे की ती वाचून मी गिटार खाली ठेवली होती. डेट्रॉइट शहरात १९५९ साली बेरी गॉर्डी नावाच्या तरुणानं गाण्यांची कंपनी काढली. भांडवल ८०० डॉलर, तेही घरच्यांच्या एका सामाईक फंडातून कर्जाऊ. आपल्याकडच्या भिशीचीच ही डेट्रॉइट शाखा. कंपनी म्हणजे मोटाऊन. एका साध्या घरात स्टुडिओ, आणि त्यात रोजंदारीवर वाजवणारा एक बेसवाला: जेम्स जेमर्सन. हा शाळेत डबल बेस शिकलेला. बेस गिटारवर उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. एकच! बाकीची बोटं नुसती हजेरीला. तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, हा त्याचा नेम. (हे कळल्यावर मी नव्या तारांचा खर्च अंदाजपत्रकातून कायमचा काढून टाकला. सौ. म्हणाली, ‘‘त्याच्याकडून तेवढंच शिकलात!’’)

सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, ज्या ज्या गाण्यांवर जग नाचलं, त्यांच्या तळाशी हे एक बोट होतं. आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचं नाव? नाही. वर्षानुवर्षं नाही. १९७१ साली मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या रेकॉर्डवर ते पहिल्यांदा मानानं छापलं गेलं. १९८३ साली मोटाऊनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला. दिवे, टीव्ही, सगळे नामवंत. जेमर्सनला बोलावणं नव्हतं. तो काळ्याबाजारातून तिकीट घेऊन मागं बसला आणि आपलीच गाणी ऐकून आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. २००० साली त्याचं नाव अमेरिकेतल्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये लागलं.

यावर मला विनोद सुचला नाही. आमच्या शाखेनं मागं पन्नाशी साजरी केली तेव्हा स्मरणिका निघाली होती. आदल्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही तिघं क्लार्क तिच्या छपाईचा हिशेब जुळवत होतो. स्मरणिकेत सगळ्या साहेबांचे फोटो होते. स्टेशनरी पुरवणाऱ्याचासुद्धा होता. असो.

आणि डेट्रॉइटला नावं ठेवायला आपण तरी कुठं मोकळे आहोत? मुंबईच्या सिनेसंगीतात कितीतरी गोवेकर वादकांनी आयुष्यं घालवली. पाद्र्यांच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेली ही मंडळी रेकॉर्डिंगला जायची, कागद पाहून बिनचूक वाजवायची, पैसे घेऊन लोकलनं घरी जायची. पडद्यावर नाव संगीतकाराचं. राहुलदेव बर्मनच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवायचे टोनी वाझ. ती गाणी लागली की आपण सगळे मान डोलावतो. नाव विचारलं तर मान हलत नाही. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनच्या गुरूला त्यांच्या शिष्यानं, प्यारेलालनं, १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त आठवणीनं नायकाच्या नावातून मानवंदना दिली. ते नाव देशभर गाजलं, पण देश समजला की हे अमिताभचं नाव!

तर अशा या खात्यात मी शेवटचा खातेदार. माझी प्रगती सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. पहिल्या महिन्यात डाव्या बोटांच्या टोकांना फोड आले, दुसऱ्या महिन्यात त्यांचे घट्टे झाले. डाव्या तर्जनीचा ठसा नोंदवलेला असल्यामुळे हजेरीचं यंत्र मला ओळखेना. सलग तीन दिवस मी कामावर असून गैरहजर. खर्जाची दीक्षा याहून शास्त्रशुद्ध कुठं मिळणार?

शेजारधर्मालाही धक्का बसला. खालच्या सुरांचा गुण असा की भिंत त्यांना अडवत नाही. गाणं अलीकडे राहतं आणि नुसतं दुम् दुम् पलीकडे जातं. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली की रात्री आठ ते नऊ पाण्याचा पंप विचित्र आवाज करतो. प्लंबर आला, पंप उघडला, वॉशर बदलला, तीनशे रुपये घेऊन गेला. मी कमिटीवर खजिनदार आहे. तो खर्च मी मंजूर केला आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप माझ्या खिशातून भरला. वहीत नोंद: ‘पंप, किरकोळ.’

या सगळ्या काळात चिरंजीवांनी एकदाही विचारलं नाही की बाबा, हे काय चाललंय. दारातून जाताना एकदा थांबले, माझ्या बोटांकडे पाहिलं, ‘‘अंगठा मागं ठेव,’’ म्हणाले आणि गेले. तीन शब्द! मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवले.

मागच्या रविवारी दुपारी ते आपली गिटार घेऊन आमच्या खोलीत आले. पलंगाच्या कडेला बसले. ‘‘चारच सूर आहेत. मी वाजवतो, तू नुसता खाली राहा,’’ म्हणाले. मी कपाटाला टेकून बसलो. एक बोट. दुम्, दुम्, दुम्, दुम्. पहिल्या फेरीत दोनदा चुकलो, दुसऱ्या फेरीत एकदा. तिसऱ्या फेरीत चिरंजीव वर कुठं कुठं हिंडायला लागले आणि मला काय कमाल वाटली म्हणून सांगू! हा इतकं छान वाजवतो हे मला ठाऊकच नव्हतं. आजवर मी बंद दाराबाहेरून ऐकून ‘आवाज कमी कर’ एवढंच म्हणत आलो होतो. ऐकता ऐकता माझं बोट थांबलं.

‘‘का थांबलास?’’

‘‘ऐकत होतो रे.’’

‘‘ऐकायचं, पण थांबायचं नाही ना, बाबा! तू थांबलास की सगळं पोकळ वाटतं.’’

मी चष्मा काढून पुसला. चाळिशी डोळ्यांना लागते म्हणतात ते हे असावं. पुन्हा एक बोट तारेवर ठेवलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, ‘‘अहो, कपाटापासून सरकलात का? इकडे काही ऐकू येत नाहीये. आणि वाजवताय तर जरा नीट टेकून वाजवा!’’